डोंबिवली पूर्वेतली अभ्यासिका: दहावीच्या मुलांसाठी कशी आहे, आमचा वर्षभराचा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच. अभ्यासिकेचं नाव इथे टाकत नाहीये कारण ती चालवणाऱ्या सरांनीच सांगितलंय की जागा मोजकी आहे, नेटवर नाव टाकून गर्दी करू नका. पण अशा अभ्यासिका आता ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर सगळीकडे गल्लोगल्ली झाल्यात, आणि तुमच्या घराजवळची बघायला जाल तेव्हा एसी आहे का आणि वायफाय आहे का एवढंच विचारून परत येऊ नका म्हणून सविस्तर लिहितेय. नववी-दहावीच्या मुलांना लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात, एमपीएससीवाल्यांना लागणाऱ्या वेगळ्या.

आमची लेक 2025 ला दहावीला बसली, स्टेट बोर्ड. जून 2024 मध्ये तिचं नाव घातलं ते परीक्षा संपेपर्यंत. आम्ही दोघंही मुंबईत नोकरीला, सकाळची फास्ट पकडली की घरी यायला आठ वाजतात. तिची शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची, मग जेवण, दुपारी क्लास, साडेचारला घरी. आता साडेचार ते आठ हा जो पट्टा आहे ना, तोच नोकरी करणाऱ्या आईबापांचा खरा प्रश्न आहे. घरी आजी असते पण आजीचं ऐकून कोण अभ्यासाला बसतंय, आणि मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली तर अभ्यास होत नाही, घरी एकटी बसली तर फोन हातात, म्हणजे अभ्यासही नाही आणि मैत्रिणीही नाहीत, नुसतं वही उघडी ठेवून ग्रुपवर मेसेज. हे सगळ्या घरांत चालतं, आमच्याकडेही चालायचं.

होमवर्क किती असतो ते एकदा नीट बघा. केंद्राच्या शिक्षण खात्याचं 2020 चं स्कूल बॅग धोरण आहे, त्यात होमवर्कचीसुद्धा मर्यादा दिलीये. दुसरीपर्यंत होमवर्कच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवी दिवसाला 1 तास आणि नववीच्या पुढे दिवसाला जास्तीत जास्त 2 तास. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात शाळेचा होमवर्क वेगळा, क्लासचा वेगळा, आणि शाळेला क्लासचं माहीत नाही, क्लासला शाळेचं नाही. आम्ही ज्या क्लासला घातलं होतं तिथे प्रकरण शिकवून झालं की सरावसंचातली सगळी उदाहरणं घरी करायला, वर रविवारी सकाळी टेस्ट. शाळेत त्याच आठवड्यात भूगोलाचा प्रकल्प आणि विज्ञानाचं जर्नल. दोन तासांत कसं बसणार हे? मग मुलं काय करतात, ग्रुपवर एकीने सोडवलेल्या पानाचा फोटो येतो आणि वीसजणी उतरवून काढतात. होमवर्क पूर्ण, डोक्यात शून्य, आणि वेळ तर गेलाच.

ही अभ्यासिका मला आवडली ती इथे. बाकीच्या दोन-तीन बघितल्या होत्या, तिथे पार्टिशनवाली टेबलं, डोक्यावर ट्यूब, भिंतीवर 'शांतता राखा', महिन्याचे पैसे द्या आणि बसा, बास. मोठ्यांना ते पुरतं, त्यांना ध्येय माहीत असतं. पंधरा वर्षांचं पोर तशा खुराड्यात दोन दिवस बसेल, तिसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागेल. या अभ्यासिकेत दोन खोल्या आहेत. मोठी खोली शांततेची, तिथे पेन पडलं तरी सगळे वर बघतात. आणि आतली छोटी खोली, तिला मुलं 'बोलायची खोली' म्हणतात, तिथे एक मोठं टेबल, भिंतीला फळा आणि हळू आवाजात बोलायला परवानगी. प्रमेय अडलं, वर्गसमीकरण अडलं, प्रकल्प तिघींचा मिळून आहे, जा आत आणि बोला. काकू (सरांच्या मिसेस, त्या पण निवृत्त शिक्षिका) दाराशी बसलेल्या असतात, विषय अभ्यासाचा आहे का सिरियलचा हे त्यांना न बघता कळतं.

या छोट्या खोलीने तो ग्रुपवरच्या फोटोचा प्रकार बऱ्यापैकी बंद केला. मैत्रिणी त्याच, होमवर्क तोच, फक्त समोरासमोर बसल्यावर 'हे कसं केलंस गं' हा प्रश्न येतो आणि जिने केलंय तिला ते फळ्यावर सांगावं लागतं. आमची लेक भूमितीत कच्ची होती आणि तिची एक मैत्रीण बीजगणितात, दोघींनी एकमेकींना वर्षभर शिकवलंय. हे मला कुठल्याही क्लासच्या फीमध्ये मिळालं नसतं.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. आत शिरताना टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. आज काय काय करायचंय ते लिहायचं, प्रत्येकासमोर किती मिनिटं लागतील तो अंदाज, आणि निघताना खरे किती लागले ते. चिठ्ठी मुलांनी स्वतःकडेच ठेवायची, सर गोळा करत नाहीत. पहिले काही आठवडे सगळ्यांचे अंदाज साफ चुकतात, भूमितीची पाच उदाहरणं अर्ध्या तासात होतील असं वाटतं आणि तास जातो, उलट इतिहासाच्या स्वाध्यायाचा उगाच बाऊ केलेला असतो, तो वीस मिनिटांत उरकतो. दिवाळीपर्यंत लेकीला बरोबर सांगता यायला लागलं की आई, आज माझं सव्वासातला होईल, मग मी बॅडमिंटनला जाऊ का. आधी 'अभ्यास झाला का' विचारलं की 'होतोय' एवढंच उत्तर यायचं, आणि मग मी चिडायची आणि ती चिडायची. आता बोलायला काहीतरी आकडा होता. एखाद्या आठवड्यात नुसता होमवर्कच रोज अडीच-तीन तासांवर जायला लागला की सर मुलांना सांगतात, 'क्लासच्या बाईंना हे कागद दाखवा, भांडू नका, फक्त दाखवा.' आमच्या क्लासच्या बाईंना तिघीचौघींनी मिळून दाखवलं, आणि त्यांनी खरंच सरावसंचातली सम क्रमांकाची उदाहरणं तेवढी ठेवली. सगळीकडे असं ऐकतील याची खात्री नाही, पण मुलांनी स्वतः जाऊन विचारलं हे मला फार आवडलं.

आता वेळापत्रक. मुलांची बॅच संध्याकाळी 5 ते साडेआठ. 5 ते साडेसहा शांत, साडेसहा ते सात सुट्टी, सात ते साडेआठ परत. ही मधली अर्ध्या तासाची सुट्टी ऐच्छिक नाहीये बरं का, सगळ्यांनी उठायचंच. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेल्या हुशार मुलांनासुद्धा काकू उठवतात. गच्चीवर कॅरम आहे, जुनी बॅडमिंटनची रॅकेटं आहेत, पावसाळ्यात जिन्यातच गप्पा, आणि खाली कोपऱ्यावर वडापावची गाडी. सुरुवातीला बरेच पालक म्हणायचे की अर्धा तास वाया जातो, पैसे काय कॅरम खेळायला देतो का आम्ही. एका बाबांनी तर सरळ सांगितलं की माझ्या मुलाला सुट्टी देऊ नका. सरांनी त्यांना शांतपणे उत्तर दिलं, 'मग त्याला दुसरीकडे घाला, इथे तो साडेसहाला उठणार.' घातलं नाही हो त्यांनी दुसरीकडे, मुलगा शेवटपर्यंत इथेच होता.

मला विचाराल तर तो अर्धा तास हीच या अभ्यासिकेची खरी किंमत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी. दहावीचं वर्ष लागलं की आपण सगळ्यात आधी कात्री तिथे लावतो, खेळ बंद, नाच बंद, ट्रेकिंग बंद, वाढदिवसाला जायचं नाही. आणि मुलं ती भूक रात्री भागवतात, अकरा ते एक, पांघरुणात फोन. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि सकाळी सातची शाळा असलेली मुलगी एकला झोपली तर पाच तासच होतात, हिशेब सोपा आहे. आमच्याकडे झालं असं की मैत्रिणींशी जे काय बोलायचं ते साडेसहा ते सातमध्ये बोलून व्हायचं, घरी येऊन जेवायची आणि दहाला डोळे मिटायचे. रात्रीचा फोन आम्ही काढून घेतला नाही, तो आपोआप कमी झाला, कारण सांगायचं काही उरलेलंच नसायचं.

फोनवरून आठवलं. दाराजवळ लाकडी खोकं आहे नंबरांचे कप्पे असलेलं, येताना फोन त्यात, साडेसहाला मिळतो, सातला परत आत. पण 'फोन म्हणजे वाईट' असलं भाषण कोणी देत नाही. एखाद्या मुलीला घरून फोन येणार असेल तर काकूंना सांगायचं, त्या उचलतात. व्हिडिओ बघून काही समजून घ्यायचं असेल तर बोलायच्या खोलीत एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर. इयरफोन मात्र नाहीत, ते आपले न्यायचे, हे लक्षात ठेवा.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यावर फक्त सुट्टीचे आणि फीचे मेसेज. हजेरी, किती वेळ बसली, कोणाशी बोलली, यातलं काही सर कळवत नाहीत. मूल आलंच नाही तर तेवढा एक फोन येतो. काही आयांना हे अजिबात पटत नाही, त्यांना सीसीटीव्हीची लिंक हवी असते, आणि अशा लिंक देणाऱ्या अभ्यासिका आहेत, मी स्वतः बघितल्यात. मला इथलं बरं वाटलं. पंधराव्या वर्षी माणसाला कोणी बघत नसताना स्वतःचं काम करायची सवय लागली नाही तर ती कधी लागणार?

शनिवारी संध्याकाळी मुलांची बॅच बंद. रविवारी सकाळी ज्यांना यायचं ते येतात, संध्याकाळी परत बंद. सरांचं वाक्य ठरलेलं आहे, 'शनिवारी या बाजूला फिरकायचं नाही, चित्र काढा, पिक्चर बघा, आजीला घेऊन गणपतीला जा.' चित्राचं ते उगाच म्हणत नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांनी एलिमेंटरी दिलेली असते आणि इंटरमिजिएट द्यायची असते, आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीत 7 मार्क वाढतात, बी ला 5, सी ला 3. खेळात जिल्हा-राज्य पातळीवर गेलेल्यांना, लोककला-शास्त्रीय कलावाल्यांना पण वाढीव गुण आहेत. म्हणजे बोर्ड स्वतः म्हणतंय की हे करा, आणि आपण दहावी लागली की रंगपेटी माळ्यावर टाकतो. लेकीच्या बॅचमधल्या एका मुलाने तर सप्टेंबरमध्ये शनिवार-रविवार नुसती स्मरणचित्रं काढली, होमवर्क सोमवार ते शुक्रवारात बसवून. ए ग्रेड आली त्याला.

सणावारांचं सांगायलाच हवं कारण डोंबिवलीत राहून दहावीच्या मुलांना सण नको म्हणणं म्हणजे अवघडच. 2024 ला 7 सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याच सुमारास शाळेत पहिल्या सत्राच्या परीक्षेची तयारी. सरांनी गणपतीत सुट्टी दिली नाही, वेळ बदलला. दुपारी अडीच ते साडेपाच, म्हणजे आरतीला मुलं घरी. गौरीच्या दिवशी बंद. नवरात्रात बॅच आठलाच सोडली, गरब्याला जाणाऱ्या मुलींनी चणियाचोळी बॅगेतून आणलेली, काकूंच्या घरी बदलायच्या. दिवाळीत नरक चतुर्दशीला सकाळी फडके रोडवर सगळी डोंबिवली लोटते, नवे कपडे घालून, दहावीची पोरं तर हमखास, आणि ती सगळी गँग तिथून चालत सरांच्या घरी फराळाला. मी फोटो बघितले, आमची लेक साडी नेसून, हसून हसून डोळे मिटलेले. त्याच आठवड्यात तिने दिवाळीचा होमवर्क, म्हणजे त्या जाडजूड सरावपत्रिका, भाऊबीजेच्या आधी संपवल्या होत्या. चिठ्ठ्यांवर हिशेब मांडून रोज सकाळी दोन तास. मी काहीही बोलले नव्हते.

पाडव्याच्या स्वागतयात्रेचं थोडं वेगळं झालं. आपल्याकडे गणेश मंदिर संस्थानाने 1999 ला ही यात्रा सुरू केली, आता राज्यभर निघतात पण मूळ डोंबिवलीचं. लेक सातवीपासून लेझीममध्ये. 2025 ला बोर्डाची परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च आणि पाडवा 30 मार्चला, म्हणजे सराव नेमका परीक्षेच्या आधीपासून सुरू. आम्ही घरात ठरवलेलं की यंदा नाही. तिने सरांना विचारलं, सर म्हणाले निर्णय तुझा आणि आईबाबांचा, पण मला वेळेचा हिशेब दाखव. तिने कागदावर मांडून आणलं, जानेवारीत फक्त रविवारी एक तास, फेब्रुवारीत बंद, 17 तारखेचा भूगोलाचा पेपर झाला की रोज. लेझीमच्या ताईंनी पण मान्य केलं कारण पोरगी जुनी, तिला डाव येत होते. हा कागद तिने आमच्यासमोर ठेवला तेव्हा नाही म्हणायला कारणच सापडलं नाही. यात्रेत ती पुढच्या रांगेत होती.

आता कापलेल्या अर्ध्या स्टारबद्दल.

जानेवारी लागला की बारावीवाले आणि स्पर्धा परीक्षावाले मोठ्या प्रमाणात येतात. पैसे पूर्ण दिवसाचे देतात त्यामुळे मोठ्या खोलीत त्यांना जागा द्यावीच लागते, आणि दहावीच्या मुलांची चार-पाच टेबलं कमी होतात. तेव्हा बोलायची खोली शांततेची खोली करून टाकतात, म्हणजे जी गोष्ट सगळ्यात चांगली तीच ऐन प्रीलिमच्या वेळी बंद. मुलं जिन्यात बसून एकमेकांना विज्ञान समजावत होती, थंडीत. मी सरांना सांगितलं की अहो, हे बरोबर नाही, जानेवारी-फेब्रुवारीची फी थोडी वाढवा हवं तर पण ती खोली ठेवा. त्यांनी यंदा विचार करू म्हटलंय. तुम्ही नाव घालणार असाल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा.

टॉयलेट एकच आहे, स्वच्छ असतं पण एकच. जिना जुन्या बिल्डिंगचा, उंच पायऱ्यांचा, पाय दुखावलेल्या मुलाला चढवणार नाही. लग्नसराईत समोरच्या हॉलचा बँड सात ते आठ वाजतोच वाजतो, काचा बंद केल्या तरी. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पंखे नाहीत, मे महिन्यात बसवत नाही. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची फाईल आहे पण त्यातले काही पेपर आधीच्या अभ्यासक्रमाचे, कोणीतरी बसून निवडायला हवेत. संस्कृत घेतलेल्या मुलांना इथे विचारायला कोणी नाही, गणित-विज्ञान-इंग्रजी मात्र सर-काकू दोघंही सांगतात, शिकवणी म्हणून नाही, अडलं तर.

आणि साडेआठला सुटल्यावर मुलींनी घरी कसं जायचं हा प्रश्न आहेच. रस्ता वर्दळीचा आहे, तरी डिसेंबरात काळोख असतो. आम्ही पाच घरांनी पाळी लावली होती, एक पालक पाच मुलींना सोडणार. अभ्यासिकेकडून याची काही सोय नाही, आणि त्यांनी ती करावी असंही मला वाटत नाही, पण नाव घालताना तुमच्या रस्त्यावरची अजून दोन-तीन घरं शोधून ठेवा. चालत येताना ज्या गप्पा होतात त्या वेगळ्याच, माझी पाळी असायची तेव्हा मी दहा पावलं मागे चालायची आणि मुलींच्या जगात काय चाललंय ते न विचारता कळायचं. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाला आर्ट्सला जायचंय आणि घरी सांगायची हिंमत नाही, कोणाला पाळीच्या दिवसात बसवत नाही.

एका मुलीला आर्ट्सला जायचं होतं ती गोष्ट काकूंपर्यंत पोचली, आणि त्यांनी तिच्या आईला चहाला बोलावलं. पुढे काय झालं ते त्यांच्या घरचं, पण अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मवर तिने आर्ट्सच भरलं एवढं मला माहितीये. (2025 पासून अकरावीची प्रवेश प्रक्रिया सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीये, पसंतीक्रम भरायला मुलांना मदत लागते, सरांनी एक रविवार त्यासाठीच ठेवला होता. हे फीमध्ये धरलेलं नाही, तरी केलं.)

फी. संध्याकाळच्या बॅचचे महिन्याला 900 रुपये, तीन महिन्यांचे एकदम दिले तर 2,500. डिपॉझिट नाही. मधे सोडलं तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात, हे मी एका ओळखीच्या बाईंच्या बाबतीत बघितलंय, कटकट न करता दिले. क्लासच्या फीशी तुलना केली तर हे काहीच नाही. उलट मला आता असं वाटतं की बऱ्याच घरांत क्लास हा खरं तर 'मुलगा कुठेतरी बसेल' म्हणून लावलेला असतो, शिकवण्यासाठी नाही. मुलाला विषय बऱ्यापैकी समजत असेल तर एक क्लास कमी करून अशी जागा बघा, होमवर्कही अर्धा होतो आणि संध्याकाळ उरते. केंद्र सरकारने तर जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने प्रवेशच देऊ नये असं आहे. ते किती पाळलं जातं ते आपण रोज बघतोच, पण निदान आपण आपल्या घरात एवढा विचार तरी करू शकतो की सातवीपासून क्लास कशाला.

कोणासाठी नाही ते पण सांगते. ज्या मुलाला एकट्यानेच, घरच्या टेबलावर, बाहेर पाऊस पडत असताना छान अभ्यास होतो त्याला ओढून आणू नका, आमच्या शेजारचा मुलगा असाच, तो दोन आठवड्यांत कंटाळला आणि घरीच बरा होता. खूप लाजाळू मुलांना पहिला महिना जड जातो, सुट्टीत कोणाशी बोलायचं ते कळत नाही, काकू लक्ष ठेवतात पण तुम्हीही विचारत राहा. आणि मुलाला डांबून ठेवायची जागा शोधत असाल तर इथे निराश व्हाल.

मार्कांचं विचारतील लोक म्हणून, 13 मेला निकाल लागला, लेकीला आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा चांगले मार्क पडले, आकडा तिचा आहे, तिने सांगितला तर सांगेल. तिच्या बॅचमध्ये नव्वदच्या वरचे पण होते आणि सत्तरच्या आसपासचे पण, आणि ते सगळे अजून शनिवारी भेटतात, वेगवेगळ्या कॉलेजात जाऊनसुद्धा.

जायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जा, शाळा सुरू व्हायच्या आत, नंतर जागा मिळत नाही. मुलाला घेऊन जा आणि बरोबर साडेसहाच्या आधी दहा मिनिटं पोचा, म्हणजे शांत खोलीही दिसेल आणि सुट्टीही. सर आधी मुलाशी बोलतात, पालकांना बाहेर बसवतात, त्याचा राग मानू नका. टेबल निवडायला दिलं तर खिडकीपासून दुसरी रांग मागा, पहिल्या रांगेत पावसाचं पाणी येतं.